वजन ठेवावं लागतं

माणसाला वजन पाहिजे, हे मला पहिल्यांदा एका कचेरीतल्या शिपायानं समजावून सांगितलं. माझा एक साधा अर्ज तिथं सात महिने या टेबलावरून त्या टेबलावर फिरत होता. शिपाई म्हणाला, "साहेब, कागद वाऱ्यानं उडत नाही. वर वजन नसतं म्हणून उडतो." मला त्याचं म्हणणं पटलं. दुसऱ्या दिवशी मी काचेचा एक सुरेख पेपरवेट घेऊन गेलो. तो त्यांनी ठेवून घेतला. फाइल मात्र होती तिथंच राहिली.

तसा मी जन्मापासूनच हलका माणूस. लग्नात माझं वजन अठ्ठेचाळीस किलो होतं आणि सासऱ्यांनी दिलेल्या कोटाचं बहुधा तेवढंच असावं. पुढं चाळीस वर्षांच्या संसारात मी चार किलोंची प्रगती केली. तेव्हा वजन या विषयावर मी काही लिहावं म्हणजे टकल्यानं कंगव्यावर लिहिण्यासारखं आहे. पण गेल्या मे महिन्यात मरोळच्या आमच्या दोन खोल्यांच्या ब्लॉकमध्ये जे घडलं, त्यामुळं माझा या विषयाचा अभ्यास झाला आणि एकदा अभ्यास झाला की तो दुसऱ्याला सांगितल्याशिवाय राहवत नाही. निवृत्त माणसाला तर नाहीच नाही.

त्याचं असं झालं. आमच्या नातवाला त्याच्या मामानं विलायतेहून खेळण्यातली आगगाडी आणली. खेळण्यातली म्हणायची आपली पद्धत. किंमत ऐकली तर खरीच घेतली असती तर बरं, असं वाटावं. खऱ्याच्या शहात्तराव्या हिश्शाचं हिरवंगार वाफेचं इंजिन, सहा चाकं, सहाही ओढणारी, मागं आठ डबे. इंजिन दिसायला वाफेचं, पोटात मात्र विजेची मोटर. सुनेनं नातवाला आधी एकदा पुण्याला कोथरूडमधलं जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय दाखवून आणलं होतं. १९९८ साली ते लोकांसाठी उघडलं. तिथल्या बोगद्यांतून आणि पुलांवरून चिमुकल्या गाड्या धावताना पाहून आल्यापासून चिरंजीवांचे चिरंजीव सपाट जमिनीवर गाडी चालवायला तयार नव्हते. त्यांना घाट हवा होता.

मरोळमध्ये काय नाही? डोक्यावरून विमानं जातात. २०१४ पासून मरोळ नाक्यावर उंचावरून मेट्रो जाते आणि २०२४ पासून जमिनीखालूनही जाते. पण घाट काही नाही. तो मी घरात बांधला. मराठी विश्वकोशाचे खंड आमच्याकडं आहेत. ते घेतले तेव्हा रोज दहा पानं वाचायचा माझा संकल्प होता. आज ते निदान पायाखाली तरी आले. चार सेंटिमीटर जाडीचा खंड टोकाला, अलीकडं उतरत्या जाडीची पुस्तकं, त्यांवर सव्वा मीटर लांबीची प्लायवुडची पट्टी आणि पट्टीवर रूळ. साधारण तीसास एक असा चढ झाला. म्हणजे तीस हात पुढं गेलं की एक हात वर.

सौ. म्हणाली, "नारळ फोडा." मी फोडला. गाडी सुटली, ऐटीत चढाला लागली आणि दुसरा डबा चढावर येतो न येतो तोच इंजिनाची चाकं जागच्या जागी गरगरा फिरू लागली. गाडी तसूभर हलेना. चार डबे काढून टाकले तेव्हा कुठं ते वर गेलं.

"आजोबा, हे बिघडलंय," नातू रडवेला होऊन म्हणाला.

बिघडलं नव्हतं. निदान तसं आमच्या खालच्या मजल्यावरच्या फोरमनसाहेबांचं मत पडलं. फोरमनसाहेब रेल्वेतून निवृत्त झाले. ऐन विशीत दौंडच्या शेडमध्ये फायरमन म्हणून लागले तेव्हा वाफेची इंजिनं होती. त्यांना अजून स्वयंपाकघरातल्या कुकरची शिट्टी झाली की हात वर जातो. त्यांनी इंजिन तळहातावर घेतलं, वरखाली केलं आणि डॉक्टर नाडी सोडून बोलतात तसे बोलले, "अहो, याच्यात जोर आहे. वजन नाही."

"म्हणजे यालाही लागतं?" मी विचारलं.

"चाकाला जोर मोटर देते, पण रूळ पकडतं ते वजन. ओढणाऱ्या चाकांवर चार टन असले तर इंजिन जेमतेम एक टनाची ओढ काढणार. त्याच्या वर नाही. मग तुम्ही आत हत्ती का बसवेनात."

हे चवथाईचं गणित फार जुनं आहे, आणि ते लोकांच्या गळी उतरायला आगगाडीच्या बापजाद्यांना बराच घाम गाळावा लागला. गुळगुळीत लोखंडी चाक गुळगुळीत लोखंडी रुळावर घसरेल, पुढं जाणारच नाही, असं पुष्कळ शहाण्यांना वाटत होतं. वास्तविक १८०४ सालीच रिचर्ड ट्रेव्हिथिकनं वेल्समध्ये पेनिडॅरनच्या कारखान्यापासून दहा टन लोखंड आणि सत्तर माणसं नऊ मैलांवर ओढून दाखवली होती. चाक घसरलं नाही. पण इंजिन इतकं जड की खालचे बिडाचे रूळच मोडले. हलकं केलं तर घसरतं आणि जड केलं तर रूळ मोडतात, अशी ही सासू-सुनेमधल्या मुलासारखी अवस्था.

लीड्सजवळच्या मिडलटनच्या खाणीत ब्लेंकिन्सॉपनं १८१२ साली तोड काढली: रुळाला दाते आणि चाकालाही दाते. विल्यम ब्रंटन नावाच्या गृहस्थानं तर त्याहून कडी केली. चाकं घसरतात ना, मग इंजिनाला पाय लावा! १८१३ साली त्यानं खरोखरच मागून दोन लोखंडी पायांनी जमीन रेटत चालणारं इंजिन केलं. ते चाललंही. पण १८१५ साली त्याचा बॉयलर फुटला, माणसं दगावली आणि आगगाडीच्या इतिहासातलं चालतं पाऊल तिथंच थांबलं.

शेवटी निकाल लावला तो वायलमच्या खाणीवरच्या विल्यम हेडलीनं. त्यानं एक गाडा केला, त्याची चाकं दांडे फिरवून माणसांनी चालवायची, मागं कोळशाच्या वाघिणी जोडायच्या आणि गाड्यावर वजनं ठेवत जायची. वजन वाढवलं की ओढ वाढते आणि दात्यांची गरज राहत नाही, हे त्यानं मोजून दाखवलं. आमच्या घरात जे पुढं आठ दिवस चाललं, तो हाच प्रयोग. फक्त हेडलीला सौ.च्या स्वयंपाकघरातला काटा चोरून आणावा लागला नव्हता.

आपल्याकडं रेल्वे आली ती १६ एप्रिल १८५३ ला. बोरीबंदर ते ठाणे, एकवीस मैल, चौदा डबे, चारशे पाहुणे आणि एकवीस तोफांची सलामी. हे आपण शाळेत घोकलेलं असतं. त्या गाडीला साहिब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिनं होती, हेही घोकलेलं असतं. पण चौदा डब्यांना तीन इंजिनं कशाला, हा प्रश्न मास्तरांना विचारायची आपली छाती नव्हती. थाटमाट हा भाग होताच, पण ती इंजिनं आजच्या मानानं अगदी किरकोळ, अंगात चारच ओढणारी चाकं. तिघांनी मिळून खांदा दिलेला बरा. आणि हे झालं सपाटीवर. पुढं सह्याद्री उभा होता.

मुंबईहून पुण्याला जाताना खंडाळ्याच्या घाटात आपण खिडकीशी बसून धबधबे मोजतो. त्या पंधरा-सोळा मैलांत गाडी अठराशे फुटांवर वर चढते आणि चढ आहे सदतीसास एक. म्हणजे आमच्या विश्वकोश घाटापेक्षा थोडा सौम्यच; पण तिथं खाली ज्ञानाची भर नसून काळा पाषाण होता. पंचवीस बोगदे फोडले. एका वेळी बेचाळीस हजारांपर्यंत मजूर कामावर होते. पटकीनं, तापानं, कड्यावरून पडून त्यांतले हजारो गेले. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ साली इथं आला आणि महिन्याभरातच आजारानं वारला. त्याची बायको ॲलिस हिनं नवऱ्याचं कंत्राट टाकलं नाही, दोन जाणते व्यवस्थापक नेमले आणि काम पुढं नेलं. मुख्य इंजिनियर जेम्स बर्कली घाट पुरा झालेला पाहायला उरला नाही. १८६२ मध्ये तोही गेला. १८६३ साली घाट खुला झाला. त्या घाटाला कोणकोणत्या वजनानं तोलून धरलंय, हे वडा खाताना आपल्या लक्षात येत नाही.

त्या चढासाठी शार्प स्टुअर्ट कंपनीकडून १८६२ साली खास इंजिनं करवली होती. त्यांत पाण्याची टाकी मागं वेगळ्या गाड्यावर नव्हती. घोड्यावर खोगीर टाकावं तशी बॉयलरच्या पाठीवर टाकलेली. म्हणजे पाणी प्यायलाही झालं आणि चाकांवर वजनही पडलं. आपल्याकडं ताकात पाणी घालून दोन माणसांचं ताक चौघांना पुरवतात, तितकीच ही युक्ती हुशारीची. तिच्यात खोट एकच: पाणी संपत आलं की इंजिन हलकं होई, आणि पकड ढिली पडे.

"आणि तरीही नाही ओढलं तर?" मी फोरमनसाहेबांना विचारलं.

"मग मागून बँकर. घाटात पुढचं इंजिन ओढणार आणि मागचं ढकलणार. मागच्याला कोणी हार घालत नाही, त्याच्यावर गाडीचं नाव नसतं. वर पोचवलं की सुटायचं आणि गुमान खाली यायचं."

आजही पुण्याकडं जाणाऱ्या कितीतरी गाड्यांना कर्जतला मागून इंजिनं लागतात. त्या दोन-तीन मिनिटांत आपण बटाटेवडा घेतो, आणि गाडी वड्यासाठी थांबली होती अशा समजुतीत आयुष्य काढतो.

पण वजनाचा खरा हिशोबी माणूस म्हणजे एव्हरार्ड कॅल्थ्रॉप. याची गाठ आपल्या बार्शीशी पडली. मोठ्या रेल्वेचे रूळ जड, पूल जड, खर्च त्याहून जड. तालुक्याच्या गावाला ते परवडायचं कसं? कॅल्थ्रॉप म्हणाला, रूळ हलके ठेवू, गेज अडीच फुटांचं ठेवू, पण कुठल्याही आसावर पाच टनांहून अधिक भार पडू द्यायचा नाही. इंजिन असो की मालडबा, सगळ्यांना कायदा एकच. आता पाच टनांत इंजिनानं ओढायचं काय? तर त्यानं ओढणारे आस चार केले. चार पंचे वीस टन पकड मिळाली, आणि एकाही रुळाच्या उरावर पाचापेक्षा जास्त बसलं नाही. १८९७ साली बार्शी लाइट रेल्वे धावली, १९०६ ला पंढरपूरला पोचली, पुढं लातूर आणि मिरजेपर्यंत गेली. आषाढीला वारकऱ्यांची झुंबड तिनं वर्षानुवर्षं वाहिली. पुंडलिकाच्या विटेनं अठ्ठावीस युगांचा भार सोसला म्हणतात. कॅल्थ्रॉपच्या रुळांचं कुळ तेच असावं.

नेरळ-माथेरानच्या गाडीची इंजिनंही याच गृहस्थाच्या सल्ल्यानं आली. सर आदमजी पीरभॉय यांनी पैसा घातला, त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी रेल्वे बांधली आणि १९०७ साली ती सुरू झाली. तिथं चढ आहे विसास एक. वळणं अशी की गाडीतल्या माणसाला पुढचं इंजिन उलट येताना दिसावं. म्हणून इंजिनाचे टोकाचे आस वळणावर किंचित वळतील असे केलेले, आणि सहाही चाकांवर वजन सारखं. दार्जिलिंगच्या गाडीत तर इंजिनाच्या नाकावर माणसं बसून रुळावर हातानं वाळू टाकत. वजन कमी पडलं तर वाळूवर भागवायचं. कॅल्थ्रॉपची गंमत अशी, की वजन जमिनीवर नीट कसं टेकवायचं यात निम्मं आयुष्य घालवल्यावर त्यानं पहिल्या महायुद्धाच्या काळात विमानातून उडी मारणाऱ्यांसाठी हवाई छत्री तयार केली. म्हणजे तिथंही विषय तोच, वजन जमिनीवर नीट टेकवायचं!

एवढा इतिहास झाल्यावर आम्ही भूगोलाकडं, म्हणजे काट्याकडं वळलो. इंजिन भरलं एकशे साठ ग्रॅम. "खरं असतं तर किती भरलं असतं?" नातवानं विचारलं. हिशोब मांडला. खरं इंजिन शंभर टनांचं धरा. लांबी, रुंदी, उंची तिन्ही शहात्तर पटींनी कमी. तेव्हा वजन शहात्तर गुणिले शहात्तर गुणिले शहात्तर इतक्या पटींनी कमी. शंभर टनांना चार लाख अडतीस हजार नऊशे शहात्तरनं भागलं तर आले दोनशे अठ्ठावीस ग्रॅम. शंभर टनांचं अवाढव्य धूड खेळण्यात आणलं की पाव किलो चिवड्याच्याही आत बसतं! नातवानं हे गणित माझ्या आधी सोडवलं. तोंडी नाही, वहीवर. पण एकही खाडाखोड न करता. हे लक्षात ठेवा. मी तेव्हा ठेवलं नाही.

जागा कमी, वजन जास्त, म्हणजे शिसंच पाहिजे. लोखंडाच्या जवळजवळ दीडपट जड. मरोळच्या मासळी बाजारात वेसाव्याची एक कोळीण आमची ठरलेली. तिला म्हटलं, जाळ्याला लावायच्या शिशाच्या गोळ्या मिळतील का?

"काय वो आजोबा, म्हावरं नको न् शिसं पायजे? भाव वाढला म्हणून आता जालंच टाकता का काय?" सगळ्या बाजारानं माझ्याकडं वळून पाहिलं. पण दुसऱ्या दिवशी बाईनं मूठभर गोळ्या आणून दिल्या, पैसे घेतले नाहीत आणि वर बजावलं, "हात धुवा. पोराच्या तोंडात जाऊ देऊ नका." ते मी कसोशीनं पाळलं. शिशाला नातवाचा हात लावू दिला नाही.

पहिल्या खेपेला गोळ्या ठोकून चपट्या केल्या आणि इंजिनाच्या पुढच्या भागात बसवल्या, कारण जागा तिथंच होती. इंजिन चढाला लागलं आणि मागची चाकं उचलून त्यानं पुढं वाकून नमस्कार केला. फोरमनसाहेब म्हणाले, "वजन कुठंही ठेवून चालत नाही. जो काम करतो त्याच्या डोक्यावर ठेवायचं, आणि सगळ्यांवर सारखं." त्यांनी इंजिन आडव्या पेन्सिलीवर तोलून दाखवलं. मधल्या चाकाखाली पेन्सिल आली आणि इंजिन कलंडलं नाही, की समजायचं जमलं. तसं जमवलं. दोनशे अठ्ठावीस ग्रॅम बरोब्बर. सहा डबे वर गेले! नातवानं घरभर उड्या मारल्या.

इथं थांबायला हवं होतं. पण आठ डब्यांपैकी दोन खालीच राहिले होते, आणि मराठी मध्यमवर्गीय माणसाला ऐंशी टक्के मिळाले की उरलेले वीस कुठं गेले याचीच रुखरुख लागते. फोरमनसाहेब गावाला गेले होते. मी रात्री बसून मिळेल त्या फटीत शिसं कोंबलं. काटा चारशे तीस ग्रॅमवर गेला. दुसऱ्या दिवशी आठही डबे लावले. गाडी चढाला लागली, अर्ध्यावर गेली आणि थांबली. या खेपेला चाकं फिरली नाहीत. पकड इतकी पक्की की घसरायचं नाव नाही. आतून नुसता घूं असा आवाज. मी म्हटलं, जोर लावतंय, लावू दे. थोड्या वेळानं छताकडं एक निळसर रेघ गेली.

"आजोबा, खरा धूर!" नातू आनंदानं ओरडला.

मोटर जळाली होती.

मरोळमध्ये कारखान्यांच्या आडोशाला एका गल्लीत मोटरी गुंडाळून देणारा एक कारागीर आहे. पंखे, पंप, मिक्सर असा त्याचा व्यवहार. त्यानं करंगळीएवढी मोटर पाहिली, डोळ्याला भिंग लावलं आणि विचारलं, "साहेब, जाम झाली होती का?" मी सगळी हकिगत सांगितली. तो हसला. "चाकं घसरली असती तर मोटर वाचली असती. घसरणं म्हणजे तिचा फ्यूज. तुम्ही वजन घालून फ्यूजच काढून टाकला."

मोटर त्याच्याकडं ठेवून घरी आलो. इंजिनाचं रिकामं सांगाडं खोक्यात ठेवायला गेलो तर खालचं थर्माकोल नीट बसेना. उचललं. खाली चौघडी केलेला कागद. गणिताची चाचणी, पन्नासपैकी तेवीस, आणि 'पालकांची सही' या शब्दांपुढं कोरी रेघ. तारीख तीन महिन्यांपूर्वीची.

शहात्तरचा घन एकही खाडाखोड न करता काढणारा मुलगा! मी कागद उलटून पालटून पाहिला. तीन महिने हा पोरगा ते खोकं कुणाला उघडू देत नव्हता, ते आम्हाला कौतुकाचं वाटत होतं. त्याचा आठवडा मी बोटांवर मोजला. शाळा, शिष्यवृत्तीचा क्लास, ॲबॅकस, कराटे, शनिवारी रोबोटिक्स, रविवारी राहिलेल्या सगळ्याची उजळणी. पोराच्या कुठल्याच फटीत रिकामी जागा नव्हती. आणि या गाडीत इंजिन आवाज करत नव्हतं इतकंच.

हे सगळं आमच्या चिरंजीवांनी केलं, असं म्हणून मला मोकळं होता आलं असतं. पण चिरंजीव हे शिकले कुणाकडून? त्याला एकदा सत्त्याऐंशी टक्के मिळाले तेव्हा मी पेढे आणायच्या आधी वरचे तेरा विचारले होते. त्यानं तेव्हा उत्तर दिलं नाही. आज चाळिशीत रात्री अकराला घरी येतो आणि पाठ धरून बसतो.

त्या रात्रीही अकरालाच आला. टेबलावर इंजिनाचं सांगाडं आणि शेजारी शिशाचा ढीग पाहून म्हणाला, "बाबा, एवढं वजन कशाला घातलंत? एवढंसं ते!"

मी काही बोललो नाही. नुसता कागद त्याच्यापुढं सरकवला. त्यानं तो वाचला, मग शिशाकडं पाहिलं, मग बराच वेळ कुठंच पाहिलं नाही. सौ.नं आतून जेवायला हाक मारली तेव्हा त्यानं खिशातून पेन काढलं आणि सही केली. तारखेसकट. दुसऱ्या दिवशी नातवाला फक्त एवढंच म्हणाला, "पुढच्या वेळी कागद माझ्या टेबलावर ठेव. वर वजन ठेवू नकोस." आणि महिनाअखेर दोन क्लास बंद झाले. कोणते ते नातवानं ठरवलं.

माझंही एक नवं दर्शन झालं. फोरमनसाहेबांनी गावाहून आल्यावर सांगितलं, की लोकलमध्ये आणि मेट्रोत मोटरी प्रवाशांच्या डब्यांखालीच असतात, म्हणजे माणसांचं वजन हेच तिथलं पकडीचं वजन. मुंबईत विजेची पहिली लोकल १९२५ साली धावली, तेव्हापासून आपण सगळे उभ्यानं शिशाचं काम करतोय. आता मरोळ नाक्यावर मेट्रोत चढलो की माझे बावन्न किलो मी अभिमानानं दोन्ही पायांवर सारखे तोलून उभा राहतो. इतक्या वर्षांत माझं वजन कुठंतरी पडलं!

मोटर नवी होऊन आली. पुन्हा दोनशे अठ्ठावीस ग्रॅम, पुन्हा विश्वकोश घाट. नातवानं आठही डबे लावले. मी म्हटलं, "सहाच ने रे. घसरेल."

"घसरू दे," तो म्हणाला, "मग बँकर लावू."

गाडी सुटली. अर्ध्या चढावर चाकं गरगरा फिरू लागली. मी तर्जनी शेवटच्या डब्याला हळूच टेकवली. फार जोर नाही लागत. वर पोचलं की बोट काढून घ्यायचं आणि गुमान खाली यायचं.